दुखणं थांबलं, हाड अजून भरायचंय

वेगवान गोलंदाजी करणारा तेरा ते सतरा वर्षांचा मुलगा कंबर दुखते म्हणून येतो, तेव्हा आम्ही त्याला पहिल्यांदा एकच सांगतो: कुठं दुखतं ते बोटाने दाखव. त्याने पूर्ण पंजा कमरेवर आडवा फिरवला तर बहुतेक वेळा स्नायू धरलेले असतात. पण हात मागे नेऊन त्याने कण्याच्या एका बाजूला, पँटच्या पट्ट्याच्या जरा वर, एकच बोट टेकवलं आणि पुन्हा विचारल्यावरही बोट तिथंच गेलं, तर आमचे कान टवकारतात: मणक्याच्या हाडाला सततच्या ताणाने भेग, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, असू शकतो. त्यातून ती जागा बॉल टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला असली, म्हणजे उजव्या हाताने टाकणाऱ्याची डावी बाजू, तर बॉलिंग त्याच मिनिटाला बंद. तपासण्या त्यानंतर.

इथपर्यंत पोचायला मुलाने बहुधा महिनाभर घालवलेला असतो. घरी "उसण भरली असेल" म्हणून शेक दिलेला असतो, बाम चोळलेला असतो. मैदानावर स्प्रे मारून चार ओव्हर टाकलेल्या असतात. सुरुवातीला फक्त स्पेल, म्हणजे सलग टाकायच्या ओव्हर, संपल्यावर दुखतं, मग स्पेलच्या मधे, मग पहिल्याच बॉलला. खाली वाकताना फारसं काही होत नाही, मागे झुकलं की चमक भरते. वर्गात बाकावर तासभर बसलं की आखडतं. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण मुलं दुखणं लपवतात आणि विचारलं तर "काही नाही सर, थोडंसंच" म्हणतात. दुखणं लपवणारा मुलगा रनअप दोन पावलांनी तोडतो, फॉलो-थ्रूमध्ये, म्हणजे बॉल सुटल्यानंतरच्या पावलांत, आधीच थांबतो, बॉल सुटताना एका बाजूला जास्त पडतो. वेग थोडा उतरतो. कोचला वाटतं, आळस आला.

मणक्याच्या मागच्या कमानीत, वरच्या आणि खालच्या सांध्यांच्या मधे, हाडाचा एक अरुंद दुवा असतो. डॉक्टर त्याला 'पार्स' म्हणतात. पुढचा पाय जमिनीवर आदळतो त्या क्षणी अंगाच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहून जास्त जोर खालून वर येतो. पन्नास किलोच्या मुलासाठी हे अडीचशे किलोच्या पुढे जातं. नेमक्या त्याच वेळी कंबर मागे झुकलेली, बाजूला कललेली आणि पिळलेली असते. हा सगळा भार कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या त्या दुव्यावर येतो, तोही विरुद्ध बाजूच्या. मोठ्या माणसाचं हाड तरी घट्ट झालेलं असतं. पंधरा वर्षांच्या मुलाचं हाड लांबीने वाढून बसलेलं असतं, पण घनतेने अजून तयार व्हायचं असतं. मुलगा सहा फुटांचा दिसतो म्हणून त्याच्याकडून सहा फुटी माणसाची बॉलिंग करून घेतली जाते, तिथं गोची होते.

हाड सतत दुरुस्त होत असतं. ताण पडला की आधी जुना भाग खरवडून काढला जातो आणि मग नवा भरला जातो. खरवडण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरण्याचं काम महिनोन् महिने चालतं. त्यामुळे अचानक बॉलिंग वाढली की हाड सगळ्यात कमकुवत असतं ते तीन-चार आठवड्यांनंतर. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांच्या बाबतीत याचं वेळापत्रक अगदी ठरलेलं आहे. दहावीच्या परीक्षेसाठी जानेवारीपासून किट माळ्यावर. मार्चमध्ये शेवटचा पेपर संपतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात समर कॅम्प सुरू होतो: सकाळी नेट्स, संध्याकाळी नेट्स, आठवड्यातले सहा दिवस. शून्यावरून एकदम तीनशे बॉल. मेच्या सुरुवातीला कंबर बोलायला लागते. दुसरी लाट दिवाळीनंतर येते, शालेय सामने, क्लबचे सामने आणि सिलेक्शनच्या ट्रायल एकमेकांवर पडतात तेव्हा.

एका मुलाचा एक आठवडा मांडून पाहा. अ‍ॅकॅडमीत तीन संध्याकाळी प्रत्येकी साठ बॉल, म्हणजे १८०. शाळेच्या नेट्समध्ये दोन सकाळी अठ्ठेचाळीस, म्हणजे ९६. शनिवारी सामन्यात बारा ओव्हर, ७२. रविवारी क्लबकडून आठ ओव्हर, ४८. दोन्ही सामन्यांआधी वॉर्मअपला बारा-बारा, २४. बेरीज ४२०, म्हणजे सत्तर ओव्हर. अ‍ॅकॅडमीच्या सरांना १८० दिसतात, शाळेच्या सरांना ९६, क्लबच्या कप्तानाला ४८. प्रत्येकाचा आकडा त्याच्यापुरता बरोबर आणि माफक असतो. चारशे वीस फक्त त्या पाठीला माहीत असतात. आम्ही पाहिलेल्या बहुतेक दुखापतींमध्ये कोणी एक माणूस निर्दयी नव्हता. बेरीज करणारा कोणी नव्हता.

आता तपासणीचं. एका पायावर उभं राहून मागे झुकायला लावतात. त्या चाचणीत दुखलं तर संशय बळावतो, पण न दुखल्याने संशय फिटत नाही. फक्त तिच्यावर निकाल देऊ नये. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीची इजा बहुतेक दिसतच नाही, आणि "एक्स-रे नॉर्मल आहे, खेळू दे" या वाक्याने खूप नुकसान केलं आहे. एमआरआय लागतो, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'वेगवान गोलंदाज, पार्सचा स्ट्रेस फ्रॅक्चर आहे का पाहावा' असं स्पष्ट लिहून घ्यावं. नाहीतर गादी सरकली आहे का एवढंच पाहून अहवाल येतो. हाडात नुसती सूज असेल आणि भेग नसेल तर ती पहिली पायरी. लवकर सापडली तर दोन-तीन महिन्यांत मूल पुन्हा बॉल हातात घेऊ शकतं. भेग असेल तर सामन्यापर्यंत पाच ते सात महिने धरा. दोन्ही बाजूंना भेग, किंवा जुनी होऊन कडा टणक झालेली भेग, ही भरून येण्याची शक्यता कमी आणि मणका पुढे सरकण्याचा धोका. सीटी स्कॅनमध्ये भेग जास्त स्वच्छ दिसते, पण वाढत्या मुलाला तेवढा किरणोत्सर्ग उगाच देऊ नये. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, पायात मुंग्या किंवा बधिरपणा, लघवीवर ताबा न राहणं, यातलं काहीही असेल तर हा खेळाचा प्रश्न नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

निदान झालं की घरात पहिला प्रश्न येतो तो वडिलांचा. "सर, पुढच्या रविवारी सिलेक्शन मॅच आहे. एखादं इंजेक्शन, एखादी गोळी… तेवढी एक मॅच निघेल का?" या प्रश्नावर चिडू नये. त्यामागे पहाटेची लोकल, उधारीवर घेतलेली बॅट, दहावी-बारावीला मिळणारे खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, हे सगळं असतं. आम्ही बाबांना समोर बसवून एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरतो आणि दोन्ही बाजू दाखवतो: ही उजवी बाजू, एकसारखी काळसर, ही डावी, इथं पांढरा ढग दिसतो तो सुजेचा. मग सांगतो, काका, डायक्लोफेनॅकसारखी दुखणं दाबणारी गोळी घेऊन तो खेळेल. दुखणारही नाही. पण दुखणं हीच थांबायची एकमेव खूण आहे, ती तुम्ही बंद करताय. शिवाय अशा गोळ्या जास्त दिवस घेतल्या तर हाड भरण्याच्या कामात अडथळा येऊ शकतो. सिलेक्शन दर वर्षी असतं. वेगवान गोलंदाज पॅट कमिन्सचं उदाहरण इथं उपयोगी पडतं. अठराव्या वर्षी, नोव्हेंबर २०११ मध्ये, जोहान्सबर्गला तो पहिली कसोटी खेळला आणि दुसरी कसोटी खेळला ती मार्च २०१७ मध्ये, रांचीला. मधली वर्षं मुख्यतः पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये गेली. जगातली उत्तम वैद्यकीय मदत हाताशी असताना इतका वेळ लागला, आणि त्यानंतर तो ऑस्ट्रेलियाचा कप्तान झाला. दोन्ही गोष्टी बाबांना सांगायच्या, पहिली एकटी सांगितली तर घर खचतं.

पहिले सहा आठवडे: बॉलिंग नाही, पळणं नाही, उड्या नाहीत, बाउंड्रीवरून थ्रो नाही. बॅटिंगही नाही, कारण पुल आणि स्वीपमध्ये कंबर पिळली जाते. चालणं चालेल, रोज वीस ते तीस मिनिटं. किटबॅग खांद्यावर टाकून गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहणं बंद; संघासोबत जायचंच असेल तर रिकाम्या हाताने जा, स्कोअर लिही. व्यायाम पहिल्या आठवड्यापासून, पण दुखू न देता: पाठीवर झोपून विरुद्ध हात-पाय आळीपाळीने लांब करणं, गुडघे मोडून पार्श्वभाग उचलणं, गुडघ्यांवर टेकून साइड प्लँक वीस-वीस सेकंद. भुजंगासन, धनुरासन, चक्रासन अजिबात नको. घरातलं कोणीतरी प्रेमाने "योगा कर, पाठ मोकळी होईल" म्हणतं आणि मागे झुकण्याची नेमकी तीच हालचाल करून घेतं.

आईचा प्रश्न वेगळा असतो: हाड भरायला काय देऊ? या वयाला दिवसाला साधारण हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पाव लिटर दुधात तीनशेच्या आसपास मिळतं, पन्नास ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीत दीडशेच्या वर. दही, तीळ, मेथी-राजगिऱ्याची पाने, खात असतील तर काट्यासकट छोटी मासळी. 'ड' जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्यावी, उन्हात खेळणाऱ्या मुलांतही ते कमी सापडतं. डोस मात्र डॉक्टरांनी ठरवायचा. पण आम्हाला जास्त वेळा सापडते ती साधी उपासमार. पहाटे पाचला चहा-बिस्किटावर निघालेला मुलगा दोन तास बॉलिंग करून शाळेत जातो आणि पोटभर जेवतो ते दुपारी दोनला. वाढीचं वय, खेळ आणि अपुरं अन्न एकत्र आलं की शरीर आधी हाडाच्या कामात काटकसर करतं. मैदानावर जाताना डब्यात दोन केळी, शेंगदाण्याचा लाडू किंवा पोळीचा गूळ-तुपाचा रोल हवाच. झोप आठ तासांच्या खाली जाऊ देऊ नये.

सगळ्यात अवघड टप्पा येतो तो चौथ्या ते आठव्या आठवड्यात, कारण तेव्हा दुखत नाही. मुलगा जिने धावत चढतो, सोसायटीत टेनिस बॉलने खेळतो, "मी बरा आहे" म्हणतो आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं. सूज उतरली की दुखणं जातं. भेगेत हाड तयार होऊन टणक व्हायला त्यानंतर कितीतरी आठवडे लागतात. आमच्याकडे जे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात, ते बहुतेक याच आठवड्यांत घसरलेले असतात: कोणी कोचच्या सांगण्यावरून 'नुसते हात मोकळे करायला' नेट्समध्ये गेला, कोणी सोसायटीच्या रात्रीच्या टुर्नामेंटमध्ये दोन ओव्हर टाकल्या. म्हणून या टप्प्यात मुलाला रिकामं ठेवू नये. त्याला सामन्यांचे व्हिडिओ बघून फलंदाजाचे पाय कसे हलतात ते लिहायला द्या. आणि एक गोष्ट कोचने स्वतः तोंडाने सांगावी: तुझी जागा कुठं जात नाही. मुलाला सगळ्यात जास्त भीती तीच असते, आणि ती घालवण्याचा अधिकार फक्त कोचकडे असतो. फिजिओने सांगून भागत नाही.

आठव्या-दहाव्या आठवड्यापासून हलकं पळणं आणि ताकदीचे व्यायाम. एका पायावरचं स्क्वॉट, केटलबेल घेऊन कमरेतून नव्हे तर खुब्यातून वाकणं, एका पायावर टाचा उचलणं, मांडीच्या आतल्या बाजूचे व्यायाम. बॉल हातात देण्याआधी आम्ही चार गोष्टी बघतो. साइड प्लँक दोन्ही बाजूंना मिनिटभर, सारखाच. एका पायावर टाच पंचवीस वेळा. एका पायावरचं स्क्वॉट दहा वेळा, गुडघा आत न पडता. आणि मागे झुकताना दुखणं शून्य. साधारण बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात डॉक्टर पुन्हा एमआरआय सांगतात. भेग असलेल्या मुलांच्या बाबतीत सूज गेलेली दिसल्याशिवाय पूर्ण वेगाने टाकू देऊ नये, मग कोणतीही ट्रायल असो.

याच काळात अ‍ॅक्शन बघायची. मोबाइलच्या स्लो मोशनवर वरच्या मजल्यावरून किंवा स्टुलावर चढून मागून चित्रण करा. मागचा पाय टेकतो तिथं चित्र थांबवा: खांदे आणि खुबे एकाच दिशेला आहेत का? खुबे फलंदाजाकडे आणि खांदे साइड-ऑन, म्हणजे बाजूला वळलेले असतील, आणि बॉल टाकण्याआधी खांदे आणखी मागे फिरत असतील, तर ती मिश्र अ‍ॅक्शन, आणि पाठीच्या दुखापतींशी तिचा संबंध पुष्कळ अभ्यासांत आढळला आहे. सुधारणा कमी वेगातच करायची. पूर्ण रनअपवर सुरू झाल्यावर अ‍ॅक्शन बदलायला गेलं की मुलाचा सगळा ताल जातो.

परतीची बॉलिंग अशी वाढवतो: पहिल्या आठवड्यात उभ्या जागेवरून अठरा बॉल, एक दिवसाआड, तीन वेळा. पुढच्या आठवड्यात चार पावलांवरून चोवीस. मग अर्ध्या रनअपने तीस, मग पाऊण रनअपने तीसच, पण वेग सत्तर टक्के. एका आठवड्यात बॉल वाढवायचे किंवा वेग वाढवायचा, दोन्ही कधीच नाही. सलग दोन दिवस बॉलिंग पहिले सहा आठवडे नाही. शक्यतो मऊ टर्फवर, सिमेंटच्या विकेटवर नको. आणि बूट असे, की टाचेखालचा फोम अजून जिवंत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर ती जुनी जागा दुखली तर एक पायरी खाली, पुन्हा दुखली तर बॉलिंग थांबवून डॉक्टर. सगळ्या शरीराचा ठणका आणि त्या एका जागेचं दुखणं यातला फरक मुलाला तोवर नीट कळायला लागलेला असतो, फक्त त्याला खरं सांगायची मोकळीक हवी.

सगळा भार एका वहीवर येतो. ती मुलाची असते, शाळेची नाही आणि अ‍ॅकॅडमीचीही नाही, आणि ती त्याच्या किटबॅगेत राहते. चार रकाने: तारीख, कुठं टाकले, किती बॉल (वॉर्मअप आणि नेट्ससकट), दुसऱ्या सकाळी पाठ दहापैकी किती दुखली. रविवारी रात्री बेरीज. या आठवड्याची बेरीज मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीच्या सव्वापटीच्या वर गेली तर पुढच्या आठवड्यात एक नेट कमी. तिन्ही ठिकाणच्या सरांना वही दाखवायची. महिन्याच्या पहिल्या तारखेला दाराच्या चौकटीवर उंचीची पेन्सिलरेघ मारा. महिन्यात अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त वाढ दिसली तर तेवढे महिने बॉल कमीच ठेवा. याच वाढीच्या झपाट्यात गुडघ्याखालची गाठ आणि टाचेचं दुखणंही सुरू होतं, तेही अंगावर काढण्यासारखं नसतं.

सामन्यात किती टाकायचं, यासाठी इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वर्षानुवर्षं वापरलेल्या मर्यादा आम्ही समोर ठेवतो: १३ वर्षांखालील संघात एका स्पेलला ५ आणि दिवसाला १० ओव्हर, १५ खालील ६ आणि १२, १७ खालील ७ आणि १८. स्पेल संपला की त्याच टोकाकडून तेवढ्याच ओव्हर होईपर्यंत त्याला पुन्हा बॉल द्यायचा नाही. दोन-तीन दिवसांच्या शालेय सामन्यात, समोरची जोडी फुटत नसताना, कप्तानही पंधरा वर्षांचाच असतो आणि त्याला हा हिशेब जमत नाही. तो बाहेर बसलेल्या सरांनी करायचा. पूर्वी पावसाळा मैदानं बंद करून पाठीला आपोआप सुट्टी द्यायचा; मुंबईतल्या कांगा लीगसारखं पावसाळी क्रिकेट होतं, पण ते मोठ्यांचं. आता पत्र्याखालच्या टर्फवर जून ते सप्टेंबर नेट्स चालतात आणि बारा महिने बॉलिंग होते. वर्षात तीन महिने बॉलिंगपासून सुट्टी हवी, एकदम नको असेल तर एकेक महिन्याने. त्या वेळात खो-खो खेळा, कबड्डी खेळा, पोहा.

पहिला सामना मिळतो तेव्हा त्याला दोन स्पेलमध्ये मिळून सहा ओव्हर द्या, चेंडू नवा असो वा जुना. प्रत्येक स्पेल तीन ओव्हरचा, आणि त्याने पहिल्या ओव्हरमध्ये विकेट घेतली तरी चौथी नाही. दुसऱ्या सामन्यापर्यंत निदान तीन दिवस जाऊ द्या. पहिल्या वर्षी दुखापत उलटण्याची शक्यता जास्त असते, आणि कधी ती विरुद्ध बाजूला येते, म्हणजे उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या उजव्या बाजूला. तिकडे बोट गेलं तर आठवडाभर वाट बघायची नाही, शेकही नाही आणि बामही नाही. बॉलिंग बंद आणि एमआरआय.